मॉडवरची भयकथा आणि चार नंबरचं मशीन

पुसदकडच्या एका कॉलेजच्या पोराने आपली पहिली भयकथा मला पाठवली आणि सोबत विचारलं, "दादा, गेमच्या मॉडवर लिहिली आहे. गाव आपलंच आहे, लोडशेडिंग आहे, पिंपळसुद्धा आहे. तरी मित्र वाचून हसले. चुकलं कुठं?"

कथा थोडक्यात अशी. नायकाला एसटी स्टँडवर एक पेनड्राइव्ह सापडतो. त्यात 'सॅन अँड्रियास' या गाड्या पळवायच्या, मारामारीच्या कॉम्प्युटर गेमचा एक मॉड. तो टाकताच स्क्रीन लाल होते, हिरोच्या डोळ्यांतून रक्त गळतं, कुठूनशी एक बाई हसते आणि गेम बंदच होत नाही. पोरगा घाबरून प्लग उपसतो. तरी गेम चालूच.

भाऊ, तुझे मित्र इथेच हसले. प्लग काढल्यावर कॉम्प्युटर चालू राहणं ही आपल्याकडे भुताटकी नाही, त्याला यूपीएस म्हणतात. मी २००६ ते २०१३ दारव्ह्यात नेट कॅफे चालवला. सहा मशीन, दहा रुपये तास. निम्मा दिवस वीज नाही असेही दिवस काढले. यूपीएसची टीं-टीं ऐकून सेव्ह करायला धावणारी पोट्टी मी सात वर्षं पाहिली. तुझा वाचक त्यांच्यातलाच आहे. त्याला मशीन कसं चालतं हे ठाऊक आहे, आणि तुला नेमकं त्यालाच घाबरवायचं आहे. मी स्वतः तेव्हा मॉड करायचो, आता गोष्टी लिहितो. दोन्हीत हात पोळलेत, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी मॉड म्हणजे काय ते नीट धर. गेम कंपनीने केलेला असतो, पण त्याच्या फोल्डरमध्ये शिरून कोणी तरी एखादं चित्र बदलतं, गाडी बदलतं, माणसाच्या अंगावरचे कपडे बदलतं, नवी खोली बांधतं. तो बदल म्हणजे मॉड. तो आपोआप होत नाही. कोणी तरी रात्र-रात्र बसून तो केलेला असतो, आणि बहुतेकदा त्याला त्याचे पैसे मिळत नाहीत.

तुझ्या कथेत हा कोणी तरी कुठेच नाही. पेनड्राइव्ह स्टँडवर 'सापडला', मॉड 'होता', बाई 'हसली'. सगळं आभाळातून पडल्यासारखं. शापित कॅसेटच्या गोष्टीत हे एक वेळ चालतं. २०१० साली इंटरनेटवर अशी एक गोष्ट फार गाजली: निन्टेंडोच्या 'मेजोराज मास्क'ची जुनी कॅसेट एका कॉलेजच्या पोराला मिळते, आत आधीच्या मालकाचा सेव्ह असतो 'बेन' नावाचा, आणि एक पुतळा त्याच्या पाठोपाठ फिरू लागतो. कॅसेट कारखान्यात तयार होते, तिच्यात काय शिरलं ते कोणाला कळणार? तिथे भूत शोभतं. (गंमत पाहा, त्या गोष्टीसोबतचे व्हिडिओ लेखकाने चीटचे कोड घालून, गेममध्ये खाडाखोड करूनच तयार केले होते. म्हणजे भूत मॉडमधूनच आलं.) पण गोष्ट उघड उघड मॉडची असली की वाचकाच्या मनात पहिला प्रश्न वेगळाच येतो: हे कोणी केलं? आणि लगेच दुसरा: कोणासाठी?

मॉडच्या भयकथेतली भीती या दोन प्रश्नांत असते. रक्तबिक्त नंतरचं.

'मॉरोविंड' नावाच्या २००२ सालच्या गेमवर एक मॉडकथा आहे. मॉडच्या फाइलचं नाव जेव्हीके ११६६ झेड. कथेतला मॉड गेममधल्या मुख्य कामाशी जोडलेल्या सगळ्या माणसांना मारून टाकतो. उरलेली माणसं रात्री घराबाहेर येऊन आभाळाकडे बघत उभी राहतात. इथवर ठीक, जरा वातावरणनिर्मिती. पण पुढे एक भुयार येतं आणि तिथल्या भिंतींवर तसबिरी असतात. तसबिरींतली चित्रं गेममधली नसतात. ती तुमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरच्या 'माय पिक्चर्स' फोल्डरमधली असतात.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी कॅफेत एकटा होतो आणि काउंटरवरच्या मशीनच्या 'माय पिक्चर्स'मध्ये माझ्या साखरपुड्याचे फोटो होते. मी उठून शटर अर्धं खाली ओढलं. त्याने काय होणार होतं ते आजही सांगता येत नाही.

यात जादू शून्य आहे. एखाद्या फोल्डरमधलं चित्र उचलून दाखवणं हे प्रोग्रामला जमणारं काम आहे. म्हणून तर ते अंगावर येतं. वाचक मनात म्हणतो, हो, हे होऊ शकतं, आणि मग त्याला आपल्या फोल्डरमध्ये काय-काय आहे ते आठवू लागतं. भीती तो स्वतःच्या घरून आणतो. लेखकाला फक्त खिळा ठोकून ठेवायचा असतो. पुढे काही हौशी लोकांनी ही कथा वाचून तसे मॉड खरोखर बनवले. बिगफूटचंही तेच. सॅन अँड्रियासच्या जंगलात बिगफूट, म्हणजे अंगभर केस असलेला दंतकथेतला माणूसप्राणी, आहे अशी अफवा जगभर होती, माझ्या कॅफेतही होती. मूळ गेममध्ये तो नव्हता. पोरांनी इतका शोधला की शेवटी मॉडवाल्यांनीच तो आणून ठेवला. आधी अफवा, मागून भूत.

दुसरं उदाहरण २०२३ सालचं. 'डूम' हा १९९३ चा गेम. त्याचे नकाशे ज्या फाइलीत असतात तिला वॅड म्हणतात. ते नाव 'सगळा डेटा आहे कुठे?' अशा अर्थाच्या इंग्रजी प्रश्नाच्या आद्याक्षरांवरून पडलं. तीस वर्षं लोक डूमचे नकाशे बनवताहेत आणि त्यातला एक हौसेचा प्रकार म्हणजे आपलं स्वतःचं घर बनवणं. मार्च २०२३ मध्ये एकाने 'मायहाऊस' नावाचा नकाशा टाकला. सोबत साधी चिठ्ठी: लहानपणीचा मित्र वारला, त्याच्या जुन्या फ्लॉपीत हा नकाशा सापडला, त्याच्या आठवणीसाठी थोडा नीटनेटका करून देतोय. लोकांनी तो उघडला. साधं दुमजली घर. खेळत राहिलं की घर हळूहळू बदलतं, दार बंद केलं की मागचं काही तरी वेगळंच होतं, आतून ते बाहेरच्यापेक्षा मोठं होत जातं. चिठ्ठी, मित्र, सगळी गोष्टच होती.

यातला बारकावा सांगतो, तो माझ्या फार आवडीचा आहे. जुन्या डूममध्ये खोलीवर खोली बांधताच येत नसे. एका जागी एकच मजला, ती त्या गेमच्या इंजिनाची, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामची, मर्यादा. त्यामुळे डूम कोळून प्यालेला माणूस त्या घरात शिरला आणि जिना चढून वरच्या बेडरूममध्ये गेला, की त्याच्या पोटात आधीच गोळा येतो. अजून भूत नाही, रक्त नाही, नुसती वरची खोली. ज्याला डूम माहीत नाही त्याला ते साधं घर दिसतं. भीती जाणकाराला आधी वाटते, अडाण्याला उशिरा. तुझ्या कथेत उलटं झालं आहे: ज्याने कॉम्प्युटर पाहिलाच नाही तोच घाबरेल. आणि तो तुझी कथा मोबाइलवर वाचत नसणार.

मायहाऊसमधल्या त्या मेलेल्या मित्राबद्दल वाचलं तेव्हा मला चार नंबरचं मशीन आठवलं. ते सांगतो. ही भयकथा नाही, पण तुझ्या कामाची आहे.

२००८ ची गोष्ट. चार नंबरवर सॅन अँड्रियास होता. एक दिवस गल्ला मोजता मोजता सहज बघितलं, तर एक पोट्टा गेममध्ये रस्त्याच्या कडेला गाडी लावून नुसता बसला होता. मिशन नाही, मारामारी नाही. समोर जाहिरातीचा मोठा बोर्ड. गेममध्ये तिथे कसलीशी इंग्रजी जाहिरात असते, पण या बोर्डावर एका माणसाचा फोटो होता. डोक्यावर पांढरी टोपी, बाजूला पोळ्याला सजवलेला बैल, बैलाच्या कपाळावर बाशिंग. फोटो ताणल्यासारखा झाला होता, कारण बोर्ड आडवा आणि फोटो उभा.

"काऊन बे, काय पाहून राहिला?"

"काही नाई काका."

मला वाटलं, पोट्टे कोणाच्या तरी आजोबाचा फोटो टाकून मस्करी करून राहिले. तेव्हा आयएमजी टूल आणि टीएक्सडी वर्कशॉप अशी दोन सॉफ्टवेअर होती. गेमच्या मोठ्या फाइलीतून चित्र बाहेर काढायचं, बदलायचं, परत घालायचं. मीच पोरांना शिकवलं होतं. पुढच्या आठवड्यात चार नंबरला व्हायरस आला आणि मी ते फॉरमॅट मारलं. सगळे गेम नव्याने टाकले.

तो पोट्टा बाजाराच्या दिवशी आला, दहा रुपये ठेवले, बसला, गाडी घेऊन त्या जागी गेला. मग माझ्याकडे आला. "काका, चार नंबर बदलला का?"

"हो बे. व्हायरस होता."

"बरं."

पाऊण तास शिल्लक होता, तो त्याने क्रिकेट खेळून संपवला. त्याच्याच गावच्या एका पोराने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं की तो त्याचा बाप. आदल्या पावसाळ्यात वारला. घरात त्याचा तेवढा एकच फोटो होता, तोही लग्नाच्या व्हिडिओवाल्याच्या मोबाइलवरून आणलेला, आणि ज्या पेनड्राइव्हवर होता तो पेनड्राइव्ह मीच फॉरमॅट मारला होता, व्हायरस असेल म्हणून.

आता कल्पना कर, मी त्याला ओळखत नसतो, फॉरमॅट केलं नसतं, आणि रात्री शटर पाडून एकटाच त्या मशीनवर गेम खेळत असतो. रस्त्याला वळण घेतो आणि समोर हा टोपीवाला माणूस. कोणी लावला? माझ्याकडे का बघतो? कथेचा पहिला भाग झाला की नाही? भूत लागलंच नाही.

तुझ्या कथेत सॅन अँड्रियास आहे हे चांगलं आहे. त्या गेममध्ये खिळे ठोकायला भरपूर जागा आहेत आणि त्या खऱ्या आहेत. पीसीवरच्या गेमला 'यूजर ट्रॅक्स' नावाचं एक फोल्डर असतं. त्यात तू तुझी गाणी टाकलीस की गेममधल्या गाडीच्या रेडिओवर ती वाजतात. आमच्याकडे त्यात भीमगीतं असत, डीजेची गाणी असत, एकदा अख्खं कीर्तन होतं. विचार कर, त्या फोल्डरमध्ये कोणी तरी एक बारकी फाइल टाकून ठेवली आहे. तीन दिवस खेळल्यावर एका रात्री, दोन गाण्यांच्या मधे, रेडिओवर तुझी माय तुला जेवायला हाक मारते. रेकॉर्डिंग जुनं आहे, मागे कोंबडा आरवतो, आणि तो कोंबडा तुम्ही चार वर्षांपूर्वी कापला. यात मॉडसुद्धा लागत नाही. कोणी तरी मोबाइलवर रेकॉर्ड केलं, एमपीथ्री करून टाकलं, एवढंच. पण तुझ्या आवारात मोबाइल घेऊन चार वर्षांपूर्वी कोण उभं होतं?

तसाच गेममधला कॅमेरा. त्याने काढलेले फोटो 'गॅलरी' फोल्डरमध्ये साठतात. तिथे आपण न काढलेला एक फोटो सापडला, तर मला वाटतं दोन पानं सहज निघतील.

आणि तारखा. आपल्याकडच्या जुन्या मशीनची बॅटरी मेलेली असते, वीज गेली की कॉम्प्युटरची तारीख कुठल्या कुठे मागे जाते. बरेच नवे लेखक फाइलची चुकीची तारीख दाखवून घाबरवू पाहतात: 'फाइल १९८० ची होती!' कॅफेत बसलेल्या कोणालाही त्याचं काही वाटणार नाही, आमच्या सगळ्याच फाइली आमच्या जन्माआधीच्या असत. उलटं कर. फोल्डरमधल्या साऱ्या फाइलींची तारीख चुकीची आणि एकाचीच बरोबर, मिनिटापर्यंत बरोबर. म्हणजे ती या मशीनवर तयार झालेली नाही.

सॅन अँड्रियासमधल्या भुताच्या गाड्या तुला ठाऊक असतील. बॅक ओ बियाँडच्या जंगलात मोडकी ग्लेन्डेल गाडी ड्रायव्हरशिवाय उतारावरून येते. माझ्या कॅफेत तिच्यासाठी गर्दी व्हायची, मागे उभे राहून बघायलासुद्धा. कारण साधं आहे. गेम त्या गाड्या चढावर उभ्या करतो, आपण जवळ गेलो की त्यांना वजन आणि उतार लागू होतो आणि त्या घरंगळतात. मी हे पोरांना समजावून सांगितलं. एकाने शांतपणे विचारलं, "मग काका, ती उतारावर ठेवली कायले?" त्या पोराला भयकथा कळते. पुढे तो आयटीआय करून वायरमन झाला, ही आपल्या साहित्याची हानी.

आता गावाकडे येऊ. तू लोडशेडिंग घातलंस, पिंपळ घातलास, पण ते नाटकातल्या पडद्यासारखं मागे टांगलेलं आहे. तुझा मॉड नाशिकला टाकला काय नि पुसदला टाकला काय, काही फरक पडत नाही. आपल्याकडे एक भीती आहे जी मॉडला चपखल बसते. चकवा. आमचे आबाजी सांगायचे, रात्री जागलीला निघाले, पांदण पायाखालची, तरी तीनदा फिरून त्याच धुऱ्यावर आले. चौथ्यांदा चालायचं सोडून ते खाली बसले, विडी पेटवली आणि उजाडेपर्यंत उठले नाहीत. चकव्यात कोणी अंगावर येत नाही, कोणी ओरडत नाही. ओळखीची वाट तुला ओळखीच्याच जागी परत आणते, एवढंच. गेमचा नकाशा म्हणजे दुसरं काय असतं? सॅन अँड्रियासची रेल्वे तर अक्षरशः गोल फिरते, सगळी शहरं घेऊन परत त्याच स्टेशनावर.

मी तुझ्या जागी असतो तर त्या रेल्वेवर आपली शकुंतला चालवली असती. यवतमाळ ते मूर्तिजापूर, अडीच फुटी रूळ, १९९४ पर्यंत वाफेचं इंजिन. आता ती बंद आहे, रूळ गवतात. दारव्ह्याच्या कुठल्याही घरात तिची एक तरी गोष्ट निघते. तुझ्या कथेची सुरुवात मी मोडून पुन्हा लिहून पाहिली. पटली तर घे, नाही तर सोड:

'आत्याच्या पोराचा पेनड्राइव्ह तेरवीच्या दिवशी माझ्या हाती आला. त्यात कोणाच्या तरी लग्नाचे फोटो, तलाठी भरतीचे जुने पेपर आणि ट्रेन नावाचं एक फोल्डर. दादा मॉड करायचा हे मला माहीत होतं. टाकून पाहिलं. गेममधल्या रेल्वेच्या जागी शकुंतला आली. खिडक्यांना गज, डब्याला गेरूसारखा रंग. बोर्ड त्याने मराठीत केले होते. यवतमाळ, लाडखेड, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर. मग परत यवतमाळ. तिसऱ्या फेरीत दारव्ह्याच्या पुढे एक फलाट लागला, आधी नव्हता. बोर्ड कोरा. खाली एक खाट आणि खाटेवर कोणी नाही, नुसती गोधडी, अर्धी बाजूला सारलेली, जशी उठताना सारतात. मी गाडी थांबवून जवळ जाऊन पाहिली. निळ्या चौकटीचा एक तुकडा, पिवळा एक, मधे शाळेच्या शर्टाचा खिसा. तो खिसा माझ्या चौथीच्या शर्टाचा. गोधडी माझ्या मायनं शिवलेली. मी ती आत्ता पांघरून बसलो होतो.'

बघ, इथवर अशक्य असं काही झालं नाही. दादा दिवाळीला तुमच्याकडे आला असेल, त्याने गोधडीचा फोटो काढला असेल, त्याचं टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या वस्तूवर चढवायचं चित्र, केलं असेल. मॉडवाले असे फोटो काढतच असतात; मी स्वतः बँकेच्या रांगेत उभा राहून भिंतीचे फोटो काढलेले आहेत. तिसऱ्या फेरीला फलाट दिसणं हे स्क्रिप्टचं, म्हणजे गेमला लिहून दिलेल्या हुकमांचं, काम, येतं करता. सगळ्याचा उलगडा होतो आणि एकच गोष्ट उरते. दादाने ती खाट कोणासाठी घातली? यापुढे तू हवं तेव्हा एक, एकच, अशक्य गोष्ट कर. दोन केल्यास तर वाचक पुन्हा यूपीएसपाशी जाईल.

अशक्य गोष्ट कोणती हे मी सांगणार नाही, ते तुझं. फक्त घाई करू नकोस. तुझ्या चार पानांत पहिल्या पानावर रक्त आहे. २०११ साली सॉनिक या गेममधल्या प्रसिद्ध पात्राच्या नावाने एक शापित गेमची गोष्ट आली, तेव्हापासून काळे डोळे आणि त्यातून वाहणारं रक्त इतक्या ठिकाणी आलं की आता ते पाहून कोणी चहाचा कप खाली ठेवत नाही.

भाषेबद्दल एक. तुझी माणसं आपसात 'अरे मित्रा, मला भीती वाटते आहे' असं बोलतात. पुसदमध्ये? तुझा मित्र घाबरला तर म्हणेल, 'अबे बंद कर न बे ते.' बस. घाबरलेला माणूस कमी बोलतो, आणि आपला माणूस घाबरला तर आधी शिवी देतो. निवेदन प्रमाण भाषेत ठेव, त्याला हरकत नाही, मीही तेच करतो. पण तोंडचं बोलणं तोंडचंच ठेव.

आता दोन गोष्टी ज्या मला तुझ्या कथेत नुसत्या खटकल्या नाहीत, तर ज्यांचा राग आला. एक, ती हसणारी बाई शेवटी गावकुसाबाहेरची एकटी म्हातारी निघते, करणी करणारी. हे काढून टाक. आपल्याकडे असल्या संशयावरून माणसांना बांधून मारलेलं आहे, कोणाला करणीवाली ठरवणं हा २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तुझ्या गावात अशी एखादी म्हातारी खरोखरच एकटी राहत असेल. गोष्ट व्हॉट्सअॅपवर फिरू लागली की ती गोष्ट आहे हे तिसऱ्या ग्रुपवर कोणाला माहीत नसतं. दुसरं, पिंपळाला लटकलेला कर्जबाजारी शेतकरी. बाहेरचा लेखक विदर्भ म्हटलं की पहिल्या पानावर तो लटकवतो. तूही? ज्याच्या घरात ते झालंय तो तुझा वाचक आहे, त्याच्या बाजूच्या बाकावर बसतो. चार नंबरवरच्या त्या पोराला मी ही कथा वाचायला देऊ शकेन का, एवढं विचारून बघ.

कथा खरी वाटावी म्हणून पुरावे जोडू का, असंही तू विचारलं आहेस, स्क्रीनशॉट वगैरे. जोड, मजा येते. माइनक्राफ्ट या गेममधला हेरोब्राइन नावाचा भुताटकीचा माणूस २०१० साली असाच एका स्क्रीनशॉटवर उभा राहिला. गेम करणाऱ्याचा मेलेला भाऊ म्हणून तो खपला, आणि तो गेम करणाऱ्या मार्कस पर्सन यांना आपल्याला असा भाऊच नाही हे सांगत बसावं लागलं. नंतर कंपनीच गमतीने आपल्या सुधारणांच्या यादीत 'हेरोब्राइन काढला' असं लिहू लागली. पण स्क्रीनशॉटसोबत डाउनलोडची खरी फाइल देऊ नकोस. कोणी तरी तिच्यात खरा व्हायरस भरून पुढे पाठवेल आणि लोक तुझ्या दारात येतील. आणि कुठे तरी, शेवटी का होईना, ही कथा आहे असं लिही.

राहिलं फाइलचं नाव. तू मॉडच्या फाइलला 'शाप डॉट झिप' म्हटलं आहेस. असं नाव कोणी ठेवत नाही. फाइलीला एक तर कंटाळवाणं नाव असतं, नवीन, नवीन दोन, फायनल, किंवा मूळ गेममधलंच. टेक्स्चर बदलताना तर नाव मूळचंच ठेवावं लागतं, अक्षरही हलवून चालत नाही, नाही तर गेम ते चित्र उचलतच नाही. त्या पोराने बापाच्या फोटोचं नाव त्या इंग्रजी जाहिरातीचंच ठेवलं होतं. फॉरमॅट मारण्याआधी मी ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली होती. मला काहीच वेगळं दिसलं नाही.